लॅबच्या मॅडम, तुम्ही आईचे हात धरलेत त्याबद्दल

मॅडम, नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण बाराव्या दिवशी संध्याकाळी आयसीयूच्या दारात येऊन "नानांच्या घरचं कोण आहे?" असं तुम्हीच विचारलेलं. लॅबचे डॉक्टर पेशंटच्या माणसांना भेटायला वर येतात हे मला तोवर माहीतच नव्हतं.

आधीच्या हॉस्पिटलात ताप चढला की अँटिबायोटिक बदलायचे, दोन दिवसांनी परत बदलायचे, कल्चर, म्हणजे कुठला जंतू आहे ते वाढवून बघायची तपासणी, एकदाही पाठवलं नाही, विचारलं की एकच उत्तर, "हेवी इंजेक्शन चालू केलंय". आणि ताप उतरेना तेव्हा "घरच्यांनीच कुणीतरी बाहेरनं इन्फेक्शन आणलंय" असं एकजण आईसमोर बोलून गेला. आईनं गुपचूप अंबाबाईचा अंगारा लावलेला नानांना. ते तिच्या काळजात जे रुतलं ते रुतलंच, तुमच्याकडं आणल्यावरही ती काचेबाहेरच उभी राहायची, आत चल म्हटलं की हात पदराखाली घ्यायची.

तुम्ही मोबाइलवर दोन फोटो दाखवलेत. पहिल्या दिवसाच्या जंतू वाढवलेल्या प्लेटीत मेरोपेनेम या अँटिबायोटिकच्या चकतीभोवती स्वच्छ मोकळं रिंगण, म्हणजे औषध लागू पडत होतं, आणि नंतरच्या प्लेटीत जंतू पार चकतीला भिडलेले. "दोन्ही क्लेबसिएला नावाचेच जंतू आहेत, आम्ही जुळवून बघितलं. नवीन कोण आलेलं नाही मावशी, आतलाच बदललाय." तुमच्याच हॉस्पिटलात, तुमचंच औषध चालू असताना बदललाय, हेही तुम्ही लपवलं नाही. ते ऐकून मला राग नाही आला, उलट पहिल्यांदा कुणावर तरी विश्वास बसला.

बदललाय म्हणजे कसं, तर औषध जंतूच्या अंगातल्या बारीक दारांतनं आत शिरतं, कोट्यवधी जंतूंत एखाद्याचं ते दार आपोआप बिघडून बंद होतं, एरवी तो मागंच पडतो कारण अन्नपण त्याच दारातनं येतं, पण औषध चालू असलं की दार उघडं असलेले मरतात आणि हा उरतो, त्यात औषध तोडणारं एन्झाइम त्याच्याकडं आधीचंच होतं. तरण्या माणसाचं शरीर असले उरलेसुरले निस्तरून टाकतं. नानांची शुगर, व्हेंटिलेटर, लघवीची नळी आणि त्या नळीत चिकटून बसलेला जंतूंचा थर, तिथं त्याला निवांत जागा मिळाली. फ्लेमिंगनं १९४५ च्या नोबेल भाषणातच सांगून ठेवलेलं की अपुऱ्या डोसनं जंतू मरत नाहीत, शिकून तयार होतात. हे मी नंतर वाचलं, आणि आधीच्या हॉस्पिटलातली ती रोजची बदलाबदली आठवून लई संताप झाला.

पण मला लिहायचंय ते पुढचं. आईनं विचारलं, "मग माझ्या हातानं काय झालं नाही न्हवं?" तुम्ही काहीच बोलला नाही. बाटलीतलं सॅनिटायझर तिच्या ओंजळीत घातलंत, तिचे हात हातात घेऊन बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, सगळं सावकाश चोळून दिलंत, लहान पोराचे हात धुतात तसं. मग तिला गाऊन घातलात आणि म्हणालात, "जावा आता, धरा त्यांचा हात. येताना परत असंच चोळायचं." त्या बारा दिवसांत ती पहिल्यांदा नानांना शिवली, आणि बाहेर येऊन पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

पुढं नळ्या काढल्या, औषधं बदलली, ते सगळं तुम्हाला माहीत आहे. तुमचं काम रिपोर्ट पाठवून संपत होतं. कुणी विचारलं नसतं. तरी तुम्ही जिने चढून आलात आणि माझ्या आईच्या जिवावरचं ओझं उतरवून गेलात, असली माणसं हॉस्पिटलात असतात म्हणून आमच्यासारखे तगतात.

नाना आता घरी आहेत, काठी धरून परड्यापर्यंत जातात. आई त्यांना भरवायच्या आधी अजून अंगठे चोळते. एक मागणं आहे, त्या दोन प्लेटींचे फोटो असले तर पाठवाल का? नानांना त्यातलं काहीच आठवत नाही, सारखं विचारतात, मला नेमकं झालेलं काय.