शनिवारी विद्यापीठात बैठक

केळी प्रक्रिया गटाच्या सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या शनिवारी सकाळी 10 वाजता जळगावला, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात प्राध्यापकांसोबत आपली बैठक आहे. गाडी सावदा बसस्थानकावरून 8 ला सुटेल.

घड कापल्यावर खोड बांधावर सडतं. त्याचा धागा काढणारं आपलं यंत्र ओलं खोड घातलं की अडकतं. ते संयुक्त संशोधनातून सुधारायचं, की विद्यापीठाच्या साथीने नवी कंपनी काढायची, हे बोलू. मला कंपनीच योग्य वाटते.

- झिजलेला रोलर आणि ताजं खोड सोबत आणा.
- यंत्राचे फोटो, व्हिडिओ कुठेही टाकू नका. अर्जाआधी माहिती फुटली तर पेटंट हातचं जातं; मिळालं तर अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं हक्क राहतो.
- हक्क कोणाचा, रॉयल्टी किती, हे लेखी ठरेपर्यंत कोणीही सही करू नये.

नावं गुरुवारपर्यंत सचिवांकडे द्या.