पंप बदलायच्या आधी ती नळी काढून बघ

धुळे, ९ मे

प्रिय विलास,

गरम गाडी परत चालू होत नाही आणि गॅरेजवाला फ्युएल पंप, म्हणजे टाकीतलं पेट्रोल इंजिनकडे ढकलणारा पंप, बदलायला सांगतोय, हा तुझा मेसेज पोचला. फोनच लावणार होतो, पण फोनवर तू 'हो हो, समजलं' म्हणतोस आणि मग तुझ्या मनाचंच करतोस. म्हणून सविस्तर लिहितोय. गॅरेजवाल्याला पंपाचे पैसे देण्याआधी एवढं वाच.

तू लिहिलंस ते सगळं माझ्या गाडीनेही केलं होतं. सकाळी एका सेल्फमध्ये चालू. लांबून आल्यावर बंद करून दहा मिनिटांनी परत लावली की नुसती घरघर. काळा धूर, ॲव्हरेज पार झोपलेलं, बॉनेट उघडलं की पेट्रोलचा वास. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताईला आणायला निघालो, तर शिरपूरच्या पेट्रोल पंपावर ती चालूच होईना. तिथले चार जण म्हणाले, ऊन आहे, पेट्रोल उकळतंय. आपल्याकडे चैत्र-वैशाखात कशाचंही खापर उन्हावर फोडता येतं. कार्ब्युरेटरच्या जमान्यात त्यात तथ्यही होतं. पण आपल्या एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या गाड्यांत पेट्रोल दाबाखाली असतं आणि सारखं टाकीकडे परत फिरत असतं, त्यामुळे तो प्रकार फार कमी होतो. आणि उकळून इंजिनला पेट्रोल कमी पडलं असतं, तर काळा धूर कुठून आला असता? काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. तुझ्या गॅरेजवाल्याने हा एकच प्रश्न स्वतःला विचारायला हवा होता. पंप थकला तर पेट्रोल कमी पडतं, गाडी चढाला दम टाकते. धुराचे लोट सोडत नाही.

पारोळा रोडला एक म्हातारे मिस्त्री आहेत, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. त्यांनी गाडीखाली वाकूनही पाहिलं नाही. म्हणाले, "भाऊ, पंपले हात नका लावा, पहिले ती नळी काढीसन दखा."

ती नळी म्हणजे काय, ते नीट समजून घे. इंजेक्टर ज्या नळकांड्यावर बसलेले असतात ती रेल. तिच्या एका टोकाला पेट्रोलचा दाब सांभाळणारा, डबीसारखा फ्युएल प्रेशर रेग्युलेटर असतो. डबीच्या आत रबराचा पडदा. एका बाजूला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला स्प्रिंग, आणि त्याच स्प्रिंगच्या बाजूने एक बारीक नळी इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपाला जाते. पंप गरजेपेक्षा जास्तच पेट्रोल ढकलत असतो. दाब वाढला की पडदा उचलला जातो आणि जादा पेट्रोल रिटर्न पाइपने टाकीत जातं. आता नळीचं काम. गाडी उभ्याने चालू असताना मॅनिफोल्डमध्ये हवेची ओढ, म्हणजे व्हॅक्यूम असतो. ती पडद्याला ओढते आणि रेलमधला दाब थोडा उतरतो. ॲक्सिलरेटर दाबला की ओढ जाते, दाब चढतो. म्हणजे इंजेक्टरच्या आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक कायम तेवढाच राहतो. कॉम्प्युटर फक्त इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो. दाबाचा हिशेब तो गृहीत धरून चालतो.

आणि पडदा फाटला तर? पेट्रोल त्या बारीक नळीतून थेट इंजिनात ओढलं जातं, इंजेक्टरला न विचारता. गाडी बंद केल्यावरही रेलमधलं उरलेलं पेट्रोल तिकडेच झिरपतं. म्हणून गरम गाडी परत लागत नाही. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला आणि ती भसकन चालू झाली, तर समज की जादा पेट्रोलनेच गुदमरली होती.

तेव्हा उद्या सकाळी रेग्युलेटरवरची ती नळी काढ. कोरडी असायला हवी. आत पेट्रोल दिसलं की निकाल लागला, पुढे काही तपासायची गरज नाही. कोरडी निघाली तरच दाब मोजायचं गेज लावून घे. अशा गाड्यांत साधारण अडीच ते तीन बार दाब असतो, आणि चालू गाडीत नळी काढली की काटा थोडा वर सरकला पाहिजे. जागचा हललाच नाही तर संशय रेग्युलेटरवर किंवा त्या नळीवर. दाब कमी दिसला तर रिटर्नची रबरी नळी क्षणभर चिमटून बघायची: काटा चढला तर पंप ठणठणीत आहे. क्षणभरच हं, आणि नळी तडकलेली असेल तर मुळीच नको.

बदलायचं काम तासाभराचं. पण पेट्रोल आहे, म्हणून घाई नको. इंजिन पूर्ण गार होऊ दे. पंपाचा फ्यूज किंवा रिले काढ, गाडी चालू करून आपोआप बंद पडू दे, मग आणखी एकदोनदा सेल्फ मार. रेलमधला दाब असाच उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढ. खाली फडकं ठेव, आणि तुझा तो बिडीवाला शेजारी मदतीला आला तर त्याला चहा आणायला पाठव. रिटर्न नळीची क्लिप सोडायची, दोन बोल्ट काढायचे, रेग्युलेटर हातात. इथे एक गोष्ट लोक विसरतात: जुनी ओ-रिंग, म्हणजे सांध्यातली रबराची गोल रिंग, कधीकधी रेलच्या भोकातच चिकटून राहते. ती बोटाने चाचपून बघ. नवीन ओ-रिंगला इंजिन ऑइलचं बोट लाव, ग्रीस नको, आणि रेग्युलेटर सरळ आत बसव. तिरका घुसवलास तर रिंग कापली जाते. बोल्ट बेताने आवळ. मग बॅटरी आणि फ्यूज लावून नुसती चावी तीनचार वेळा ऑन-ऑफ कर, म्हणजे दाब भरेल. सांध्याला थेंब दिसला नाही तरच सेल्फ.

जुनी व्हॅक्यूम नळी परत लावू नकोस, तीही नवीनच घे. आणि ऑइलची डिपस्टिक काढून वास घे. फाटक्या पडद्यातून आलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं. वास आला तर ऑइल आणि फिल्टर त्याच दिवशी बदल. प्लग काळे झाले असतील, तेही बघ.

आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि आपल्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलं नाही, हे खरं. पण वीस वर्षं इंजिनाच्या उष्णतेत राहिलेल्या पडद्याची आपणच कीव करायला हवी. सरकारला शिव्या दे हवं तर, पार्ट मात्र आण.

वहिनींच्या नव्या गाडीत ही नळी शोधत बसू नकोस. तिचा रेग्युलेटर टाकीतच पंपाबरोबर असतो.

तुला नाशकात पार्ट मिळाला नाही तर गाडीचं साल आणि जुन्या रेग्युलेटरवरचा नंबर पाठव. इथल्या दुकानदाराने मागच्या वेळी दोन वेगवेगळे काउंटरवर ठेवले होते आणि दिसायला दोन्ही सारखेच. काकूंना नमस्कार.

तुझा,
रमेश