कोंबडी टाकून काढलेला 'थरार'

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत धरणाच्या पाण्यावर झेपावणाऱ्या घारीचा फोटो आपण अर्धं पान भरून छापलात. खाली ओळ होती, 'शिकारीचा थरार'. फोटो देखणा आहे, वाद नाही. पंखाचं पीस न् पीस मोजून घ्यावं असा. पण घारीच्या पंजात आहे तो मासा नव्हे, कोंबडीचं कातडं आहे. पिवळसर, लोंबणारं. मागे धूसर दिसणाऱ्या आणखी सहा-सात घारीही त्याच जागेभोवती फिरताहेत. काठावरून कोणीतरी पिशवी रिकामी करतोय आणि शेजारी चार कॅमेरे तयार आहेत, हे न दाखवताही त्या फोटोत दिसतं.

मी अमळनेरचा स्टुडिओवाला. छत्तीस वर्षं लग्नाचे फोटो काढतोय. नवरदेवाला तीन-तीनदा हार घालायला लावणारा माणूस मी, त्यामुळे सजवलेला फोटो कोणता आणि सापडलेला कोणता, हे मला बघताक्षणी कळतं. नवरदेव हसून घेतो, वर जेवायला बसवतो. घारीला विचारायची सोय नाही.

फोटो कोणाचा, हे मला माहीत नाही आणि नावात शिरायचंही नाही. शिवाय दगड मारण्याआधी स्वतःचं सांगायला हवं. २०१४ साली गावाबाहेरच्या एका बाभळीवर कापशीचं घरटं सापडलं. कापशी म्हणजे ती कापसासारखी पांढरी-राखाडी, लाल डोळ्यांची छोटी घार, विजेच्या तारेवर बसलेली असते ती. मादी घरट्यावर उतरतानाचा फोटो मिळावा म्हणून मी बाभळीपासून दहा पावलांवर स्टँड लावून बसलो. मादी उठली आणि लांबच्या खांबावर जाऊन बसली. मला वाटलं, येईल. तासभर आली नाही. कावळे मात्र आले, दोन. मी ओरडलो, दगड मारले, पण तोवर काम झालं होतं. त्या दिवशीचा एकही फोटो मी ठेवला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांच्या घरट्याला त्रास देणं हे 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच बसतं, हे मला पुढे एका वनरक्षकाने सांगितलं. म्हणजे कायद्याने मी शिकारी ठरलो, बंदूक हातात न धरता.

तेव्हापासून मी बांधावर बसतो. उडत्या शिकारी पक्ष्याचा फोटो आपल्या खान्देशात अवघड का, तेही सांगतो, म्हणजे लोक कोंबडीकडे का वळतात ते समजेल. पक्षी आभाळावर, आभाळ लख्ख. कॅमेरा आभाळाला भुलतो आणि घार कोळशासारखी काळी येते. एक्स्पोजर एक स्टॉप वर चढवावं लागतं, म्हणजे उजेड दुप्पट घ्यावा लागतो. शटर १/२५०० सेकंदापेक्षा मंद झालं की पंखांची टोकं पुसली जातात. पाणी किंवा वाळलं गवत असेल तर खालून उजेड परततो आणि पंखाखालची नक्षी दिसते. आपली काळी माती उजेड पिऊन टाकते. म्हणून सूर्य तिरपा असतानाचा पहिला दीड तास खरा. पण गरुड तेव्हा उडतच नाहीत! जमीन तापून हवा वर चढू लागली की दहाच्या सुमारास ते गोल गोल घेत उठतात, आणि त्याच वेळी वावरावरची हवा अशी थरथरते की सहाशे मिलिमीटरच्या लेन्समधून बांधावरचं बोराचं झाड पाण्यात पडल्यासारखं दिसतं. पैसे कितीही मोजा, यावर लेन्स मिळत नाही.

उपाय आहे, पण तो फुकटचा असल्यामुळे कोणाला नको असतो. हिवाळ्यात सकाळचा वारा बहुधा पूर्वेच्या अंगाने येतो आणि सूर्यही त्याच अंगाला. पक्षी वाऱ्याला तोंड करून उडतो. सूर्य आणि वारा दोन्ही पाठीशी घेऊन बसलात तर तो आपणहून तुमच्याकडे तोंड करून उडतो, अंगावर उजेड घेऊन. उडायच्या आधी बऱ्याचदा शीट टाकतो. शीट पडली की बोट बटणावर. (नातवाला हा धडा फार आवडला.) अंतरपाट दूर व्हायच्या आधी जसे आम्ही श्वास धरून उभे असतो, तसंच.

जानेवारीत पारोळ्याकडे एका पडीक रानात भोवत्ये उतरताना पाहिले. हे शिकारी पक्षी मध्य आशियातून येतात, नाकतोडे खातात आणि रात्री झाडावर न बसता गवतात, जमिनीवर मुक्काम करतात. तिन्हीसांजेला तिथे दोन गाड्या गवतातूनच फिरवल्या गेल्या, मावळतीच्या उजेडात पक्षी उठावेत म्हणून. उठले. अंधार पडेपर्यंत वर घिरट्या घालत होते. मग कुठे उतरले, दिसलं नाही. गाडीच्या मागच्या काचेवर 'निसर्ग वाचवा' असं स्टिकर होतं. यावर मी काही लिहीत नाही.

आपल्या भागाला पक्ष्यांचं अप्रूप नाही असं नाही. जगातून संपला असं समजला गेलेला रानपिंगळा, म्हणजे रानातलं एक छोटं घुबड, ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, आपल्या शहाद्याजवळच पुन्हा सापडला. आता त्याचाच आवाज मोबाईलवर वाजवून त्याला झाडाबाहेर काढणारेही निघालेत. आपल्या हद्दीत दुसरं घुबड शिरलं असं समजून तो बिचारा भांडायला येतो आणि आपण 'छान पोज दिली' म्हणतो.

संपादकसाहेब, माझं मागणं एवढंच आहे. पक्ष्याचा फोटो छापण्याआधी पाठवणाऱ्याला विचारा, कसा काढलास? काही टाकलं होतं का, आवाज वाजवला होता का, गाडी कुठवर नेली होती? उत्तर फोटोखाली छापा. घरट्याचे फोटो घेऊच नका, आणि घरटं असलेल्या जागेचं नाव तर मुळीच छापू नका. मासेमारांनी जाळं झटकल्यावर घारी येतातच, तसा फोटो असेल तर तसं लिहा. त्यात लपवण्यासारखं काही नाही. पुरवणीत अर्धं पान मिळतं म्हणून कोंबडी टाकली जाते. पान मिळणार नसेल तर पिशवी कोण नेईल?

सोबत माझा एक फोटो जोडतोय. रविवारच्या फोटोपुढे तो डावाच आहे: कापशी अर्धी वळलेली, एक पंख थोडा पुसलेला, पायात उंदीर. अळीसाठी हरभऱ्यात पक्षीथांबे लावतात, त्यातल्या एकावरून ती उठली. मी सव्वातीन तास बांधावर बसलो होतो. पहिल्या दिवशी मी बांध सोडून पिकात उतरलो, तेव्हा वावराच्या मालकाने मला चांगलंच सुनावलं होतं, "भाऊ, तुमना फोटू व्हई, पन मना हरभरा ग्या ना!" दुसऱ्या दिवशी त्यानेच चहा आणला. छापलात तर खाली 'थरार' वगैरे नको, 'हरभऱ्याच्या बांधावरून' एवढंच पुरे. आणि कोणत्या तारखेच्या अंकात येणार ते आधी कळवा, कारण त्याला अंकाची प्रत कबूल केली आहे आणि त्याच्या गावात पेपर दुपारच्या एसटीने येतो.

आपला,
एक स्टुडिओवाला
अमळनेर, जि. जळगाव