दांडपट्ट्याची प्रत्येक फ्रेम खरी ठेवल्याबद्दल

आदरणीय ताईंस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

आमच्या आखाड्यातील दांडपट्टा, लाठी आणि तलवारीच्या वारांचे चित्रीकरण आपण स्लो मोशनसाठी नीट लावून दिले, त्याबद्दल आमचे वस्ताद, शिकणारी मुले-मुली आणि त्यांचे पालक या सर्वांच्या वतीने हे पत्र लिहीत आहे. आपण कामाचा मोबदला घेतला नाही आणि नाव कोठे छापू नका असेही बजावले, म्हणून येथे आपले नाव देत नाही. परंतु आपण नेमके काय केले, हे कोल्हापुरातील इतर आखाड्यांना आणि तालमींनाही उपयोगी पडेल अशी खात्री असल्यामुळे हे आभार जाहीरपणे मानत आहे.

मर्दानी खेळाचे शिक्षण आजही बहुतांशी पाहून होते. वस्ताद हात करून दाखवतात, शिष्य तो उचलतो. दांडपट्ट्याच्या बाबतीत मात्र पाहणे फार अवघड जाते, कारण पाते लवचीक असते, वेग प्रचंड असतो आणि अर्ध्या सेकंदात वार सुरू होऊन संपलेलाही असतो. आमच्या वस्तादांचे वय झाले आहे. त्यांचे हात, त्यांचे पवित्रे पुढच्या पिढीसाठी जसेच्या तसे टिपून ठेवावेत, या हेतूने रंकाळ्याच्या काठी सकाळच्या उन्हात आम्ही चित्रीकरण केले. काही भाग एका पालकाच्या मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमने आणि काही भाड्याच्या कॅमेऱ्यावर १२० फ्रेमने टिपला होता. एका ठिकाणाहून या फाइलींचे स्लो मोशनसाठी रूपांतर करून आणले, तेव्हा पाते अडखळत, उड्या मारत चालताना दिसू लागले. त्या फाइली आणि मूळ फाइली दोन्ही घेऊन मी राजारामपुरीत आपल्या व्हिडिओ संकलनाच्या स्टुडिओत आलो.

आपण आधी मूळ फाइल उघडून एकेक फ्रेम पुढे सरकवत मला दाखवली. चित्रीकरणात काहीच उणे नाही, जे हवे ते सगळे या फाइलीत आहे, हे आपले पहिले वाक्य ऐकून मला किती हायसे वाटले ते सांगता येत नाही. बदललेल्या फाइलीत मात्र सेकंदाला ३० च फ्रेम ठेवल्या होत्या, म्हणजे २४० च्या क्लिपमधल्या दर आठ फ्रेमपैकी सात कायमच्या गेल्या होत्या, आणि उरलेली एकेक फ्रेम ताणून तिचे स्लो मोशन केले होते. कॅमेऱ्याने टिपलेली एकही फ्रेम टाकायची नाही आणि न टिपलेली एकही घालायची नाही, फक्त त्या कोणत्या गतीने दाखवायच्या ते ठरवायचे, हा नियम आपण त्याच वेळी सांगितलात आणि शेवटपर्यंत पाळलात.

हे समजावताना आपण बाबूराव पेंटरांची आठवण काढलीत, ती मला विशेष भावली. १९१८ मध्ये याच कोल्हापुरात त्यांनी स्वदेशी कॅमेरा तयार केला. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यांच्या त्या काळात दांडा नेहमीपेक्षा भरभर फिरवला की फिल्मवर जास्त चित्रे उमटत आणि तीच फिल्म पडद्यावर नेहमीच्या वेगाने चालवली की हालचाल संथ दिसे. आजही तत्त्व तेच आहे. २४० फ्रेमने टिपलेली क्लिप २४ फ्रेमने चालवली तर ती दहापट संथ होते, १२० ची पाचपट होते. २४० ने टिपलेल्या अर्ध्या सेकंदाच्या वाराच्या १२० फ्रेम असतात आणि त्या बघायला पाच सेकंद मिळतात.

टाइमलाइन, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये क्लिपा मांडायची पट्टी, २४ फ्रेमची का घ्यायची, हेही आपण आकडे मांडून पटवून दिलेत. आपल्याकडे २५ फ्रेमची सवय आहे, परंतु १२० ला २५ ने भाग दिला तर ४.८ येतात आणि २४० ला दिला तर ९.६, त्यामुळे फ्रेम जुळवताना सॉफ्टवेअरला कोठेतरी तडजोड करावी लागते आणि डोळ्याला तो हिसका जाणवतो. २४ ने दोन्हींना पूर्ण भाग जातो. गती टक्क्यांत कमी करण्याऐवजी, क्लिपचा फ्रेम रेटच २४ आहे असे सॉफ्टवेअरला सांगायचे, हा आपला मार्ग सर्वांत निर्धोक ठरला. प्रीमिअरमध्ये ही सोय ‘इंटरप्रिट फुटेज’मध्ये असते आणि दा विंची रिझॉल्व्हमध्ये ‘क्लिप ॲट्रिब्यूट्स’मध्ये, हे मी वहीत लिहून ठेवले आहे. टक्क्यांनीच जायचे असेल तर २४० च्या क्लिपला १० टक्केच द्यायचे, १५ किंवा २५ देऊ नयेत, हेही त्याच पानावर आहे. रिझॉल्व्हमध्ये टाइमलाइनचा फ्रेम रेट क्लिपा आत घेण्यापूर्वीच ठरवावा लागतो, ही सूचना नव्याने काम करणाऱ्याने आधी वाचावी.

आपल्या कामाचे खरे मोल मला लिंबाच्या क्लिपमध्ये कळले. तळहातावर ठेवलेले लिंबू पट्ट्याने कापण्याचा तो हात आहे. एका मुलाने उत्साहाने सुचवले की ‘ऑप्टिकल फ्लो’ (मधल्या फ्रेम अंदाजाने बनवण्याची सॉफ्टवेअरची सोय) लावून तो आणखी संथ करावा. आपण त्याला नकार दिला नाहीत. करून दाखवलेत आणि मग दोन खऱ्या फ्रेमच्या मधली एक बनवलेली फ्रेम पडद्यावर थांबवलीत. त्या फ्रेममध्ये पाते अर्धे विरघळले होते, दुसरे अर्धे पाते लिंबू धरणाऱ्याच्या दंडातून आरपार गेल्यासारखे दिसत होते आणि लिंबाची कड पात्याला चिकटून ओढली गेली होती. लग्नाच्या व्हिडिओत हे कोणाच्या लक्षात येणार नाही, पण ज्या फ्रेमवरून मूल हात शिकणार आहे तेथे सॉफ्टवेअरने अंदाजाने काढलेले पाते ठेवणे बरोबर नाही, असे आपण शांतपणे म्हणालात. वस्ताद शेजारीच बसले होते. त्यांनी मान हलवली आणि खरी क्लिप पुन्हा लावायला सांगितली.

त्या खऱ्या क्लिपमध्ये जे दिसले ते इतक्या वर्षांत आम्ही शब्दांनी सांगू शकलो नव्हतो. पट्ट्याच्या खोबळ्यात (मुठीवरच्या लोखंडी आवरणात) हात कोपरापर्यंत अडकलेला असल्यामुळे मनगट वळायला वाव नसतो, तरी नवशिकी मुले मनगटानेच जोर लावायला जातात. फ्रेममागून फ्रेम पाहताना आधी मागचा पाय रोवला जातो, मग कंबर वळते, मग खांदा, मग कोपर, आणि पाते या सगळ्यांच्या मागे वाकून राहते. लिंबाजवळ पोहोचेपर्यंत ते सरळ होते. हा क्रम आता आठ वर्षांच्या मुलीलाही बोट ठेवून दाखवता येतो. एकही फ्रेम गळाली असती किंवा बनावट आली असती तर पाते वाकलेले की सरळ, हे ठामपणे सांगता आले नसते.

पाते खरोखर वाकले आहे की कॅमेऱ्याने तसे दाखवले आहे, हा वस्तादांचा प्रश्नही आपण गांभीर्याने घेतलात. मोबाइलचा सेन्सर चित्र एका ओळीनंतर दुसरी असे वाचतो, त्यामुळे वेगाने आडवी सरकणारी वस्तू तिरकी दिसू शकते. परंतु २४० फ्रेम टिपायच्या तर प्रत्येक फ्रेम १/२४० सेकंदाच्या आत वाचून संपवावीच लागते, म्हणून हा दोष तेथे बराच कमी असतो. आपण तेवढ्यावर न थांबता कॅमेऱ्याची आणि मोबाइलची एकाच हाताची चित्रे शेजारी ठेवून बाक दोन्हींत असल्याची खात्री करून दिलीत. असे तपासून घेण्याची आपली वृत्ती मला फार मोलाची वाटते.

फाइली बदलण्याची पद्धतही लिहून ठेवतो. मोबाइलच्या चित्रीकरणात फ्रेममधले अंतर नेहमी सारखे नसते, त्यामुळे आधी फ्रेम रेट स्थिर करून घ्यावा लागतो. हे करताना फ्रेमची संख्या मूळ फाइलीप्रमाणे ठेवायची, ३० किंवा ६० निवडायचे नाही. यात क्वचित एखादी फ्रेम दुबार पडते किंवा गळते, म्हणून महत्त्वाचे वार आपण फ्रेमनुसार तपासलेत. त्यानंतर फाइली डीएनएक्सएचआर या संकलनासाठीच्या फाइल-प्रकारात केल्या. मोबाइलच्या फाइलीत बहुतेक फ्रेम शेजारच्या फ्रेमच्या आधारे साठवलेल्या असतात आणि मागेपुढे सरकवताना संगणक अडतो; नव्या फाइलीत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. त्या आकाराने खूप मोठ्या होतात, पण आमच्या जुन्या संगणकावरही सहज चालतात. मूळ फाइली वेगळ्या डिस्कवर जपल्या आहेत. मेसेजिंग ॲपवरून त्या कोणालाही पाठवायच्या नाहीत, हे सर्व पालकांना कळवले आहे. आवाज वेगळा ठेवला आहे.

पावसाळ्यात आम्हाला सभागृहात चित्रीकरण करावे लागेल. आपल्याकडील विजेच्या ५० हर्ट्झ पुरवठ्यावर साधे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात आणि २४० फ्रेममध्ये ती लुकलुक स्पष्ट उमटते. म्हणून तेथे कॅमेऱ्यावर १०० फ्रेम ठेवायच्या, म्हणजे प्रत्येक फ्रेम प्रकाशाच्या आवर्तनाच्या त्याच टप्प्यावर टिपली जाते, आणि ते काम २५ च्या वेगळ्या टाइमलाइनवर करायचे, हे आपण सांगितल्याप्रमाणेच करणार आहोत. शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेम टिपण्याचा वेळ, बाहेर १/५०० सेकंदाच्या आसपास ठेवले होते. आत उजेड पुरेल का, हे आधी एक दिवस जाऊन पाहू. त्या दिवशी आपण आलात तर वस्तादांना फार आनंद होईल. फरी-गदक्याचे (ढाल-काठीचे) हात त्यांनी आपल्यासमोरच करायचे ठरवले आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला कृतज्ञ,
मर्दानी खेळाच्या आखाड्यातील एक प्रशिक्षक,
कोल्हापूर