मॅडम, तुम्ही माझं दुखणं लिहून घेतलंत

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेले की मला रडू फुटतं आणि बाहेर पेशंट ताटकळतात, म्हणून हे पत्र.

आधी जिथे जिथे गेले तिथे ‘खाली आग होते’ म्हटलं की न तपासताच बुरशीची गोळी आणि मलम मिळायचं. तुम्ही कागदावर घड्याळ काढलंत. ओल्या कापसाची काडी योनीमुखाला एकेका ठिकाणी हलकेच टेकवत विचारत गेलात, “इथे किती? 0 ते 10 मध्ये सांग.” घड्याळातल्या 2 च्या जागी काहीच नाही, 5 आणि 7 च्या जागी मी ओरडलेच. तुम्ही शांतपणे आकडे लिहिलेत.

स्राव तपासला, बुरशी नव्हती. पीएचही, म्हणजे आंबटपणाचं माप, 3.8 ते 4.5 च्या आत, म्हणजे लॅक्टिक आम्ल तयार करणारे लॅक्टोबॅसिलस हे चांगले जीवाणू जागेवर होते. मग दुखणं खोटं का? तर नाही. 3 महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या, ठळक कारण न सापडणाऱ्या या दुखण्याला व्हल्वोडायनिया म्हणतात, हे तुमच्याकडून कळलं. त्यात जीवाणूंचा वाटा किती यावर संशोधकांचं अजून एकमत नाही, हेही सांगितलंत आणि प्रोबायोटिकच्या, म्हणजे चांगल्या जीवाणूंच्या, महागड्या कॅप्सूल माझ्या गळ्यात मारल्या नाहीत. हे मला फार मोठं वाटतं.

सासूबाईंना आत बोलावलंत ते तर बेस्टच. आतून काही धुवायचं नसतं, बाहेरून साधं पाणी पुरे, असं तुम्ही म्हणालात. घरी आल्या आल्या त्यांनी मोरीतला तुरटीचा खडा उचलून ह्यांच्या दाढीच्या डब्यात टाकला!

ॲमिट्रिप्टिलिनची चिठ्ठी बघून मेडिकलवाला म्हणाला, “ही डिप्रेशनची आहे.” पण ती नसांच्या दुखण्यावरही देतात, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं. फिजिओथेरपीवाल्या ताईंकडेही तुम्हीच पाठवलंत. जो तो कीगल, म्हणजे खालचे स्नायू आवळायचा व्यायाम, करा म्हणतो. माझे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू मुळातच आवळलेले, मला ते सैल सोडायला शिकायचं होतं.

पूर्ण बरं वाटत नाही अजून. पण सातपूरहून गंगापूर रोडला स्कूटरवर येते, तेही खड्ड्यांना शिव्या देत, स्वतःला नाही.

कंपनीतल्या एका मैत्रिणीला तुमचा पत्ता दिलाय. नवऱ्याला घेऊन येईल. त्यालाही आत बसवा.

आपली,
सातपूरची पेशंट