बंदूक कुणाच्या हातात आहे, तेवढं बघ

प्रिय अविनाश,

गोया या स्पॅनिश चित्रकाराची ती दरोडेखोराची चित्रं कुठून बघायला सुरुवात करायची, असं विचारलंस. आधी माप लक्षात घे: सहा लाकडी फळ्या, प्रत्येक जेमतेम २९ बाय ३८ सेंटिमीटर. पुस्तकांत एकेक चित्र पानभर छापतात आणि तिथेच घोळ होतो. चौथं एकटंच पाहिलं तर एक साधू पडत्या माणसाला बंदुकीच्या दस्त्याने बडवतोय, एवढंच दिसतं. बदमाश कोण, कळतच नाही.

प्रकरण खरं आहे. जून १८०६मध्ये स्पेनमधल्या ओरोपेसाजवळ 'एल मारागातो' या कुख्यात दरोडेखोराने एका घरातल्या लोकांना बंदुकीच्या धाकावर कोंडलं होतं. तिथे आलेल्या पेद्रो दे थाल्दिविया या फ्रान्सिस्कन (ख्रिस्ती पंथाच्या) साधूने त्याला एकट्याने पकडलं. त्याच ऑगस्टमध्ये माद्रिदला दरोडेखोर फासावर गेला. पोवाड्यांसारखी गाणी आणि स्वस्तातली छापील चित्रं तोवर बाजारात आली होती. गोया तेव्हा साठीचा, राजाचा चित्रकार, ठार बहिरा. तरी या बाजारू गोष्टीने त्याला धरलं. त्याच्या घरातल्या वस्तूंच्या १८१२च्या यादीत ही चित्रं त्याच्याकडेच दिसतात.

बाजारच्या चित्रांखाली कवनाच्या ओळी असत, इथे एक अक्षर नाही. म्हणून तू बंदुकीचा माग धर. पहिल्यात ती साधूवर रोखलेली. दुसऱ्यात साधू एका हाताने जोडे पुढे करतो आणि नळी बाजूला सारायच्या बेतात असतो. सगळ्यांत जास्त वेळ इथे थांब. जोड्यांकडे नजर गेली की दरोडेखोर संपला! तिसऱ्यात झटापट, चौथ्यात दस्त्याचा दणका. पाचव्यात घोडा उधळतो आणि पळणाऱ्याच्या पार्श्वभागात गोळी बसते (गोयाला इथे हसू आवरलेलं नाही). सहाव्यात दोरखंड.

चित्रांमधला वेळ सारखा नाही. दुसऱ्या-तिसऱ्यात एका श्वासाचं अंतर, पाचव्या-सहाव्यात बरंच जास्त. सिनेमासारखं एका लयीत पुढे सरकलास तर हे निसटेल. रंगही भराभर लावलेला, मागची जागा जवळजवळ रिकामी. तिथे बारकावे शोधत बसू नकोस.

सहाही फळ्या आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागोत आहेत आणि त्यांच्या संकेतस्थळावरही. पडद्यावर सहा एका ओळीत लाव, मोठी करू नकोस.

तुझा,
मिलिंद