सिरी परत आली नाही

कोल्हापूर, मंगळवार रात्र

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "हो, बरं" एवढंच बोलतोस, म्हणून लिहितोय. झोपेबद्दल विचारणार नाही असं आईला कबूल केलंय.

पाडव्यानंतर तू पहाटेच्या गाडीनं गेलास. डबा ओट्यावरच राहिला. त्या रात्री मी कॉम्प्युटरची वायर उपसली तेव्हा तू गेममधल्या लढाईत होतास, आणि लढाई चालू असताना सेव्ह करता येत नाही, हे मला आता कळलंय. तेव्हा मला नुसता पडद्याचा उजेड दिसत होता. माझं चुकलं. हे तोंडानं म्हणायला जमत नव्हतं.

तू गेल्यावर आठवडाभर त्या खोलीत गेलो नाही. मग एका रविवारी पिंकीला म्हटलं, लाव तो ओंकारचा 'विचर ३' गेम, बघू तरी. तुझं सेव्ह तिनं वेगळं ठेवलंय, त्याला हात लावलेला नाही. सगळ्यांत सोपी पातळी घेतली, तरी पहिल्या त्या ग्रिफिननं, पंखवाल्या राक्षसानं, मला अकरा वेळा मारलं. लेथवर चाळीस वर्षं गेली, पण डाव्या हाताची बोटं तीन बटनांवर आणि उजवा हात माउसवर, हे जमायला पंधरा दिवस लागले. अक्षरं एवढी बारीक की खुर्ची पुढं ओढून बसायचो. जरा उंचावरून उतरलं की गेराल्ट, म्हणजे खेळातला आपला माणूस, मरतो. ओझं वाढलं की त्याला पळता येत नाही, मग भर रानात उभं राहून काय टाकायचं आणि काय ठेवायचं याचा हिशेब. नकाशात समुद्रावर दिसणाऱ्या त्या प्रश्नचिन्हांचा तर मला खरंच राग आला. शिडाची होडी हाकत जायचं आणि तळाशी तीच ती पेटी, तेच गंजकं सामान. आपल्या शॉपमध्ये असं भरताड काम कुणी केलं असतं तर मी परत पाठवलं असतं.

एकदा गेराल्टची घोडी रोच एका घराच्या छपरावर उभी दिसली. पिंकी हसायला लागली, म्हणाली, ही चूक आहे, ओंकारदादा कंपनीत हेच शोधतो. तेव्हा तुझं काम मला पहिल्यांदा समजलं. उद्यमनगरात जॉब बाहेर पडण्याआधी गेज लावून बघणारा माणूस असतो, तोच तू. त्याच्या हातून सुटलं की नाव कारखान्याचं जातं. "खेळायचा पगार कोण देतं" असं मी सगळ्यांसमोर बोललो होतो. परवा शॉपमध्ये एकानं विचारलं, पोरगा काय करतो? मी अर्धा तास सांगत बसलो.

पण इन्स्पेक्शनवाल्याचीही रात्रपाळी वाईटच. डोळे ताणून शेवटच्या दोन तासांत तो काय बघतो ते मी पाहिलंय. शेखरकाकाचंही सुरुवातीला असंच होतं, रात्री जागायचा, दिवसा झोप यायची नाही. असो. पुन्हा तिकडंच गेलो.

२०१९ चा महापूर आठवतो? तू अकरावीत होतास. शिरोलीला हायवे पाण्याखाली, आत्याची सगळी मंडळी आपल्याकडं, लाइट नाही, प्यायचं पाणी मोजून. पोरं रडायला लागली तेव्हा तू मेणबत्तीपुढं बसून त्यांना एका पांढऱ्या केसांच्या माणसाची गोष्ट सांगितलीस, हरवलेल्या मुलीला, सिरीला, शोधत गावोगाव फिरणाऱ्याची. रोज रात्री एक तुकडा. मला वाटलं कुठल्या पुस्तकातली असेल. मीसुद्धा दाराशी येऊन ऐकायचो. परवा खेळताना दलदलीतलं ते गाव आलं आणि मला पुढचं सगळं ठाऊक होतं, तुझ्याच आवाजात.

आण्णा मला खासबागेत कुस्त्या बघायला न्यायचे. १९१२ सालचं मैदान, पण त्यांना मैदानाचं कौतुक नव्हतं. ते म्हणायचे, जिंकणाऱ्याकडं सगळे बघतात, तू पडलेल्याचे पाय बघ, कुठं चुकला ते तिथं दिसतं. तूही खेळात मेल्यावर पडद्याकडं तसाच बघत बसायचास, पुन्हा सुरू करण्याआधी. मी म्हणायचो, पोरगं बधिर झालंय.

तर मी खेळ शेवटपर्यंत नेला, ओंकार. अडीच महिने लागले. सिरी परत आली नाही.

पिंकीनं मग मला समजावलं. खेळातल्या त्या जादूगारणींपुढं सिरी बोलायला जाणार होती, मी म्हटलं मी बरोबर येतो. तिला रागानं ती खोली फोडायची होती, मी म्हटलं शांत हो. तिला मदत केलेल्या त्या पोराच्या कबरीवर जायचं म्हणाली, मी म्हटलं वेळ नाही. प्रत्येक वेळी मी बापानं जे बोलायला हवं तेच बोललो, आणि खेळानं ते सगळं मोजून ठेवलं होतं. तेव्हा काहीच कळू देत नाहीत, त्याचा मला फार त्रास झाला. त्या रात्री दोन वाजेपर्यंत तसाच बसलो. आई उठून आली, काही बोलली नाही, दिवा लावून गेली.

पुन्हा सुरू केलंय. या वेळी तिला एकटीला जाऊ देणार आहे. सोपं नाही.

सोबत भडंग पाठवतोय, लसूण जास्त घातलाय. रविवारी आलास तर सकाळी गंगावेशीत दूध प्यायला जाऊ, मी गाडी काढत नाही, चालतच जाऊ. पिंकीला तू ग्वेंट, तो गेममधला पत्त्यांचा डाव, शिकवायचं कबूल केलं होतंस, ती वाट बघतेय.

जेवणाचे पैसे वाचवू नकोस. आणि पाळी संपल्यावर किती वाजता झोपतोस, तेवढं मात्र लिही. आईला सांगू नकोस मी विचारलं म्हणून.

तुझे
पप्पा